दारफाळणीच्या दिवशी नऊ कप

आमच्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये उपासाचे दोन छापील कागद आहेत. एक रमझानचा, एक नवरात्राचा. मधुमेहाच्या रुग्णाने काय खावं, कोणती गोळी कधी घ्यावी, साखर किती झाली की उपास सोडावा, हे त्यात लिहिलंय. मध्य मुंबईच्या या वस्तीत हे दोन कागद असले की वर्ष निघतं. २०२४च्या सप्टेंबरअखेरीस काका समोर येऊन बसले, तेव्हा तिसरा कागद नाही हे लक्षात आलं.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वय ७१, मधुमेह सोळा वर्षं जुना. रात्री ग्लारजिन इन्सुलिन १८ युनिट, सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, दोन वेळा मेटफॉर्मिन ५००. तीन महिन्यांची साखर ८.४, क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंड मंद. तळपायाची संवेदना कमी. आदल्या वर्षी एकदा पहाटे साखर ५४पर्यंत उतरली होती, तेव्हा काकूंनी गूळ चारून निभावलं होतं. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. आणि डोस वाचून कोणी घरी प्रयोग करू नयेत, प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.)

"किप्पूर आलाय," ते म्हणाले. "रोजा धरणार. तुम्ही फक्त गोळ्या लावून द्या."

रोजा हा त्यांचाच शब्द. कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या, घाण्यावर तेल काढणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या या समाजाने आपल्या सणांना मराठीच नावं दिली. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, म्हणजे तिशा बेआव, हा 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवसाशी वालाचं बिरडं जोडलेलं. आणि योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण'. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, दिवस देवापुढे काढायचा. पूर्वज त्या दिवशी घरी येतात अशीही जुन्या माणसांची समजूत. दुसरा दिवस तो 'शिळा सण', दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. हिब्रू नावं नंतर रुळली, पण काका अजून दारफाळणीच म्हणतात.

रमझानचा कागद इथे चालत नाही. रमझानमध्ये पहाटे सहेरी असते, संध्याकाळी इफ्तार. नवरात्रात पाणी चालतं, आणि साबुदाण्याने साखर चढते ती वेगळीच डोकेदुखी. किप्पूर म्हणजे सूर्यास्ताच्या आधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत साधारण पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. शिवाय आंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याचं पायताण नाही, पतिपत्नीचा संग नाही. बाकीचे रोजे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आले की सहसा हलवतात. हा हलवत नाहीत. २०२४ला तो शुक्रवारी ११ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होऊन शनिवारी १२ला संपणार होता. म्हणजे शब्बाथ आणि किप्पूर एकत्र. आणि त्याच दिवशी आमचा दसरा.

मी सरळ नाही म्हणालो. इन्सुलिन, मूत्रपिंड, मागची घसरलेली साखर, यातलं एकेक कारण पुरेसं होतं. काका हसले. "डॉक्टर, तेराव्या वर्षापासून एक रोजा मोडला नाही. टायफॉइडमध्येसुद्धा." मग पुढे जरा हळू, "काकूंना सांगू नका, पण तुम्ही नाही म्हटलंत तरी मी धरणारच."

असा रुग्ण हातचा सोडण्यात अर्थ नसतो. पण खरं सांगायचं तर माझा समज असा होता की आता आपली गाठ धर्माशी आहे. तो समज चुकीचा निघाला.

काकांचा मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. त्याने तिथल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं आणि लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला, वडिलांना आणि मलाही. मथितार्थ असा. जिवाला धोका असेल तर किप्पूरला खाणं ही सवलत नव्हे, तो नियमच आहे. मिश्नाच्या 'योमा' या भागात, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घालावं असं स्पष्ट लिहिलंय. त्यावरच्या तालमूदमधल्या चर्चेने मला खुर्चीत सरळ बसवलं. रुग्ण म्हणाला मला खायला हवं आणि वैद्य म्हणाला नको, तर रुग्णाचं ऐकावं, कारण मनाचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक असतं असं बायबलच्या नीतिसूत्रांत म्हटलंय. पण वैद्य म्हणाला खायला हवं आणि रुग्ण म्हणाला नको, तर वैद्याचं ऐकावं. दोन्ही बाजूंनी पारडं खाण्याकडेच झुकतं. त्याच मिश्नात एक 'बुलमुस' आहे, भुकेने माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येणं. अशा माणसाला हाताशी असेल ते, अगदी निषिद्ध अन्नसुद्धा, 'डोळे उजळेपर्यंत' भरवावं. आणि डोळे उजळायला तालमूद सांगतो मध आणि गोड पदार्थ. साखर सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, हे आम्ही दरवर्षी नव्या डॉक्टरांना पाठ करायला लावतो. तेच मला इथे ओळखीच्या माणसासारखं भेटलं.

पण काकांसाठी महत्त्वाचा होता तो मापाचा भाग. संपूर्ण उपास धोक्याचा आहे, पण थोडंथोडं खाऊन धोका टळतो, अशा माणसाने 'मापाखाली' खावं. अन्नाचं माप मोठ्या खजुराएवढं. हल्ली ते सुमारे ३० मिलिलिटर धरतात, घ्यायचं त्याहून कमी. पाण्याचं माप ज्याच्या त्याच्या गालाएवढं. दोन घासांमध्ये नऊ मिनिटं जाऊ द्यायची. अन्न आणि पाणी यांचा हिशेब वेगवेगळा, म्हणजे एकाच वेळी दोन्ही चालतं.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू, मुलगी, दहा वर्षांचा नातू असे सगळे स्वयंपाकघरात. काकांनी पाण्याचा घोट घेतला, एका गालात ढकलला, बाहेरून गाल फुगलेला दिसेपर्यंत घोट वाढवत नेला आणि फुलपात्रात थुंकला. मुलीने ते खोकल्याच्या औषधाच्या मापात ओतलं. ४५ मिलिलिटर. "बाबांचा गाल पंचेचाळीसचा," नातू ओरडला. मग पाणी ३५ ठरवलं, अन्न २५. कागदी कप आणले होते, आइस्क्रीमवाले देतात तसले छोटे. प्रत्येकात २५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत घट्ट मुगाची खिचडी किंवा कुस्करलेलं उकडलेलं अंडं-बटाटा. सगळं शुक्रवारी दुपारपर्यंत शिजवून तयार हवं होतं, कारण नंतर चूल पेटणार नाही.

मी कागदावर आकडे मांडले. नऊऐवजी दहा मिनिटं धरली तरी तासाला सहा कप, म्हणजे दीडशे मिलिलिटर खिचडी आणि दोनशे दहा मिलिलिटर पाणी. हा सरळसरळ नाश्ता झाला. सकाळी सात ते आठ घरी सहा कप, दहाच्या सुमारास सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, चार, साडेबारा ते दीड सहा, साडेतीन ते साडेचार सहा. एकूण बावीस. काका तो कागद बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे हे खाऊनही रोजा मोडत नाही?"

"रब्बी तसंच म्हणतायत."

"हं."

तो 'हं' मी ऐकला, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

औषधांचं असं ठरलं: शुक्रवारी रात्रीचं इन्सुलिन १८ ऐवजी १३, शनिवारी ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन रोजा सुटल्यावर. साखर सत्तरखाली किंवा तीनशेच्या वर गेली की माप बाजूला ठेवायचं. त्या दिवशी ते फोनला हात लावत नाहीत, म्हणून सिनेगॉगच्या वॉचमनकडे माझा नंबर दिला. तो सातारचा. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सोनं वाटायला जाणार होतो संध्याकाळी, पण फोन चालू ठेवतो." जिवावर बेतलं तर घरच्यांनीही बेधडक फोन लावायचा, हे रब्बींनीच सांगितलं होतं. कपांचा डबा शुक्रवारी दुपारीच तिथल्या फ्रिजमध्ये पोचवला.

चपलेचं प्रकरण राहिलंच. वर्षभर रिक्षाने जाणारे काका किप्पूरला चालत जातात, वीस मिनिटं. चामडं चालत नाही म्हणून ते दरवर्षी पातळ रबरी स्लिपर घालतात. बधिर तळपायाला ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर पातळ स्लिपर म्हणजे जखमेला आमंत्रण. त्यांची मऊ तळव्याची मधुमेहाची चप्पल होती, पण पट्टे चामड्याचे की रेक्झिनचे? काकांनी चप्पल उलटी केली, पट्टा नाकाशी नेला, दोनदा हुंगला. "रेक्झिन." प्रश्न मिटला. चाळीस वर्षं चामड्याच्या कारखान्यात हिशेबनीस होते, त्यांच्या नाकावर मी विश्वास ठेवला.

शुक्रवारी पाच वाजता भात, कोंबडीचा नारळाच्या दुधातला रस्सा, भरपूर पाणी असं जेवण झालं. सव्वासहाला सूर्य मावळायच्या आत सगळे पांढऱ्या कपड्यांत बाहेर. बाहेर नाक्यावर देवीचा मांडव, गरब्याची गाणी. आत संध्याकाळची प्रार्थना.

शनिवारी सकाळी सहाला साखर १४२. घरी सहा कप व्यवस्थित झाले, नातू भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहून "बाबा, झाली नऊ" असं ओरडत होता. त्या दिवशी लिहायचंही नाही, त्यामुळे नोंद कुठे ठेवायची हा प्रश्न त्यानेच सोडवला होता. रिकामे कप एकात एक रचून ठेवायचे. साडेनऊला सिनेगॉगमध्ये साखर ११८. दहा वाजता तिथल्या बाजूच्या खोलीत तीन कप.

सव्वाबाराला डोकं दुखायला लागलं, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. मुलीने लगेच साखर बघितली, १०४. साखर बरी आहे म्हटल्यावर सगळे निश्चिंत झाले. ते दुखणं चहाचं होतं. दिवसाला पाच कप चहा पिणारा माणूस अचानक शून्यावर आला की डोकं ठणकणारच. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करायला सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. पण त्याहून वाईट म्हणजे त्या १०४ने घात केला. १४२, ११८, १०४ ही उतरण आहे हे कोणी पाहिलं नाही, प्रत्येकाने शेवटचा आकडा तेवढा पाहिला. "साखर चांगली आहे, मग आता नको," असं म्हणून काकांनी साडेबाराचे सहाही कप परत पाठवले.

पावणेचारला फोन आला. मी दवाखान्यात होतो. सकाळीच स्टेथोस्कोप आणि बीपीच्या यंत्राला झेंडूचं फूल वाहिलं होतं, ते फूल अजून यंत्रावर होतं. वॉचमन म्हणाला, "आजोबा गप्प झालेत. घाम आलाय."

चालत सात मिनिटांचा रस्ता, गर्दीतून दहा लागली. मी पोचलो तेव्हा काका बाकावर टेकून बसलेले, पांढरा सदरा पाठीला चिकटलेला, ओठांच्या कडेला मध. मुलीने माझी वाट पाहिलीच नव्हती. साखर ६३ दिसताक्षणी तिने मधाची बाटली काढली, आणि प्रार्थना चालवणारे हजान मध्येच थांबून, येऊन, काकांच्या हनुवटीला हात लावून म्हणाले होते, "आता माप नाही. घ्या." तीन मोठे चमचे. मी पुन्हा तपासली तेव्हा ९४. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तुमचा दसरा खराब केला."

डोळे उजळले होते.

मी फ्रिज उघडला. डब्यात तेरा कप तसेच भरलेले. नातवाने रिकामे रचून ठेवले होते, घरचे सहा आणि इथले तीन. नऊ. त्या वेळेपर्यंत व्हायला हवे होते सोळा. म्हणजे बाराच्या डोकेदुखीआधीच काहीतरी बिनसलं होतं. दहा वाजता चारऐवजी तीनच का?

नातवाने सांगितलं. बाबा चौथा कप तोंडाशी नेत होते, तेवढ्यात कोणीतरी दुसरे गृहस्थ पुस्तक शोधायला आत आले. त्यांनी बघितलं आणि गेले. काही बोलले नाहीत. बाबांनी कप खाली ठेवला.

त्या खोलीला दार नव्हतं. पडदा होता.

हे माझ्या यादीत कुठेच नव्हतं. इन्सुलिनचे पाच युनिट, गालाचं माप, चपलेचा पट्टा, वॉचमनचा नंबर, सगळं विचारलं. बसून खाणार कुठे, आणि खाताना कोण बघेल, हे विचारलं नाही. अश्दोदच्या रब्बींनी परवानगी दिली होती, हजानांची हरकत नव्हती, काकू रोज बजावत होत्या. पण शंभर उपाशी माणसांच्या मध्ये आपण एकटेच कप तोंडाला लावतोय, हे ७१ वर्षांच्या माणसाला नियमाने पटलं तरी हाताला पटत नव्हतं. 'हं'चा अर्थ तो होता. नवरात्रातही मी हे पाहिलंय, बायका गोळी घेतात पण पदर आडवा धरून. तरी सुचलं नाही.

दुसरी चूक निखळ वैद्यकीय. ग्लिमेपिराइड मी शनिवारी बंद केली, पण शुक्रवारी सकाळची दिली. मूत्रपिंड मंद असलं की ती गोळी रेंगाळते. पूर्ण दोन दिवस आधी थांबवली असती तर कदाचित ६३ दिसला नसता. साखर पुन्हा उतरू शकते म्हणून मी घरी चला म्हणालो. काका म्हणाले, नइला होऊ द्या. दिवसाची शेवटची प्रार्थना, तेव्हा स्वर्गाची दारं मिटायला लागतात असं मानतात. मी अट घातली: बसून ऐकायचं, आणि प्रत्येक दहा मिनिटांनी कप. हजानांनी एक गोष्ट केली, जी मला आठवतेय. खोलीच्या तोंडाशी एक लाकडी कपाट होतं, ते त्यांनी दोन मुलांना आडवं सरकवायला लावलं. कोणाला काही सांगितलं नाही. त्या कपाटामागे बसून काकांनी सात कप संपवले. मी बाहेर पायरीवर थांबलो. पाचला १२८, सहाला १३१.

बाहेर ढोल वाजत होता. पावणेसातच्या सुमारास आत शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं, एक लांब आवाज, आणि लगेच बाकं सरकण्याचे, लहान मुलांचे, थर्मासच्या झाकणांचे आवाज. काकूंनी पहिला चहा कोणाला दिला ते सांगायला नको. वॉचमनने खिशातून आपट्याची पानं काढून मला दिली, काकांनाही दिली. काकांनी पान टोपीत खोचलं.

रविवारी, शिळ्या सणाच्या दिवशी, काका दवाखान्यात आले. पायांवर जखम नव्हती, क्रिएटिनिन नंतर १.६च निघालं. त्यांनी करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि कॅलेंडर मागितलं. मी सांगितलं की २०२५लाही किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आहेत, २ ऑक्टोबरला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोन्हींत अधिक महिना असतो. तो वेगवेगळ्या वेळी पडला की एखाद्या वर्षी महिन्याचं अंतर येतं, जसं २०२३ला आलं होतं, नाहीतर ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दशमी आणि आश्विनाची दशमी मागेपुढे येतात. काकांना यात नवल वाटलं नाही. "मग तुम्ही मोकळे नसणार," एवढंच म्हणाले.

मी तिसरा कागद करायला घेतला होता. चहा आठवडाभर आधी कमी करणे. ग्लिमेपिराइड दोन दिवस आधी बंद. एक आकडा नव्हे, उतरण बघणे. काकांनी तो चष्मा लावून वाचला, माझं पेन घेतलं आणि सगळ्यात वर लिहिलं: 'खोलीला दार पाहिजे.'

मग केसपेपर मागितला. "कालचं काय लिहिलंत? मोडला की पाळला?"

मी दाखवलं. तिथे फक्त लिहिलं होतं: ९ + ७ कप, मध ३ चमचे.

"मध वेगळा लिहा," काका म्हणाले. "तो मोजायचा नसतो."